सातारा हिल हाफ मॅरेथॉन: धावणं आणि फिरणं एकाच वीकेंडला कसं जमवायचं?

शनिवारी पोहोचायचं, रविवारी सकाळी धावायचं, दुपारी फिरायचं आणि रात्री घरी परतायचं. धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असे बेत आता सर्रास शिजतात आणि त्यात हमखास निघणारं एक नाव म्हणजे सातारा हिल हाफ मॅरेथॉन. सरता पावसाळा, यवतेश्वरचा घाट, धुकं आणि त्याच रस्त्यावर पुढे कासचं पठार. फोटो पाहून कुणालाही बॅग भरावीशी वाटेल.

पण फोटोत चढ नीट दिसत नाही आणि उतार तर अजिबात दिसत नाही. अनेक जण आधी ट्रिप ठरवतात आणि मग त्यात धावणं बसवतात. घाटातल्या शर्यतीला हा क्रम चालत नाही. आधी धावणं, मग त्याभोवती झोप, जेवण, मुक्काम, फिरणं आणि परतीचा प्रवास, असा बेत आखला तरच वीकेंड सुखाचा जातो. तो कसा आखायचा ते टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

ही शर्यत नेमकी काय आहे?

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली. ती साधारणपणे सप्टेंबर महिन्यात रविवारी सकाळी होते. एकाच डोंगरावरच्या शर्यतीत सर्वाधिक धावपटू धावल्याबद्दल २०१५ मध्ये तिची गिनीज बुकात नोंद झाली आणि तेव्हापासून राज्याबाहेरचे धावपटूही साताऱ्याकडे वळू लागले.

मार्ग समजायला सोपा आहे. सातारा शहरातून निघायचं, समर्थ मंदिराच्या बाजूने यवतेश्वर घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर ठरावीक अंतर जाऊन वळायचं आणि त्याच घाटाने खाली शहरात यायचं. म्हणजे पहिला अर्धा भाग मुख्यतः चढाचा आणि दुसरा मुख्यतः उताराचा. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि कासचं पठार सुमारे १२०० मीटरवर. शर्यत कासपर्यंत जात नाही, पण चढ कोणत्या जातीचा आहे याचा अंदाज या आकड्यांवरून येतो.

रस्त्याच्या कडेला उभे असलेले सातारकर हे या शर्यतीचं वेगळेपण. टाळ्या आणि ढोल-लेझीम यांच्या जोरावर अनेकांचे शेवटचे किलोमीटर निघतात.

हाफ मॅरेथॉन म्हणजे किती?

आपल्याकडे पाच किलोमीटरच्या धावेलाही ‘मॅरेथॉन’ म्हणतात. मॅरेथॉनचं अधिकृत अंतर मात्र ४२.१९५ किलोमीटर आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत इतक्या अंतराची झाली होती आणि १९२१ मध्ये तेच अंतर कायमचं ठरवण्यात आलं. त्याचं निम्मं, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, ही हाफ मॅरेथॉन.

‘हाफ’ या शब्दावर जाऊ नका. सपाट रस्त्यावरचे २१ किलोमीटर आणि घाटातले २१ किलोमीटर यांत बराच फरक आहे. मुंबईच्या किंवा पुण्याच्या रस्त्यांवर केलेली वेळ साताऱ्यात जशीच्या तशी येईल, ही अपेक्षा घरीच ठेवून निघालेलं बरं.

चढ आणि उतार शरीराला काय करतात?

चढावर जास्त दम लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. किती जास्त, हे शास्त्रज्ञांनी मोजलंय. इटालियन संशोधक आल्बेर्तो मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वेगवेगळ्या चढ-उतारांवर धावायला किती ऊर्जा लागते याचं सूत्र मांडलं. त्या सूत्रानुसार हिशेब केला, तर ५ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटरला ५ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, सपाटीपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त ऊर्जा लागते. तेवढ्याच उतारावर सुमारे २४ टक्के वाचते. म्हणजे चढताना जेवढं गेलं तेवढं उतरताना पुरतं परत मिळत नाही.

पण ऊर्जा वाचली म्हणजे पाय वाचले असं नाही. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचे पुढचे स्नायू शरीराला ब्रेक लावत असतात. ताणलं जात असतानाच त्यांना जोर लावावा लागतो. अशा कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ती त्याच वेळी जाणवत नाही. दुखणं वाढत जातं ते पुढच्या एक ते तीन दिवसांत. म्हणूनच रविवारी दुपारी ‘काहीच झालं नाही’ म्हणणारा माणूस सोमवारी ऑफिसचा जिना कठड्याला धरून उतरतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, तयारीत चढाबरोबर उताराचाही सराव हवा. दोन, रविवारी दुपारी कुठे फिरायचं ते पायांना विचारून ठरवायचं.

तयारी किती आधी सुरू करायची?

दहा किलोमीटर न थांबता आरामात धावता येत असतील, तर साधारण तीन महिने हाताशी असावेत. आठवड्यातून तीन-चार दिवस धावणं, त्यातला एक दिवस लांब पल्ल्याचा आणि हळूहळू तो पल्ला १६ ते १८ किलोमीटरपर्यंत नेणं, एवढं सामान्य धावपटूला पुरेसं असतं. नुकतंच धावायला लागलेल्यांनी या वर्षी पाच-दहा किलोमीटरच्या शर्यती कराव्यात आणि घाट पुढच्या वर्षासाठी ठेवावा. फक्त मित्रांनी नाव नोंदवलं म्हणून नाव नोंदवणं, हे घाटात सर्वात महाग पडतं.

चढ शोधायला लांब जावं लागत नाही. पुणेकरांना वेताळ टेकडी आणि सिंहगडाचा रस्ता आहे. मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता आहे, ठाणेकरांना येऊर आणि कोल्हापूरकरांना पन्हाळा-जोतिबाची वाट. जवळ काहीच नसेल, तर उड्डाणपूल आणि सोसायटीचा जिनाही चालतो. फक्त रहदारीची वेळ टाळा.

उताराच्या सरावाचा एक मोठा फायदा आहे. एकदा उतारावर धावून पाय दुखले की स्नायू जुळवून घेतात आणि पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने तेवढी इजा होत नाही. हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एक बऱ्यापैकी उताराची धाव घेऊन ठेवावी. शेवटच्या आठवड्यात मात्र हा प्रयोग नको, नाहीतर दुखरे पाय घेऊनच साताऱ्याला जावं लागेल.

मुक्काम कुठे करायचा?

इथे बाहेरगावच्या अनेकांचा हिशेब चुकतो. कासच्या रस्त्यावर छान रिसॉर्ट आणि होमस्टे आहेत. धावणं आणि निसर्ग दोन्ही साधेल म्हणून तिथलं बुकिंग करायचा मोह होतो. पण शर्यतीचा मार्ग हाच घाट आहे आणि सुरुवात खाली शहरात आहे. शर्यतीच्या सकाळी या रस्त्यावर वाहतुकीचे निर्बंध असतात. त्यामुळे घाटाच्या वर राहिलात तर खाली पोहोचायची चिंता रात्रभर डोक्यात राहते. शनिवारचा मुक्काम शहरात, शक्यतो सुरुवातीच्या ठिकाणापासून चालत जाता येईल अशा जागी करावा. पठाराजवळ राहायचंच असेल, तर ती रात्र रविवारची असू द्या.

स्पर्धेच्या दिवसांत शहरातली हॉटेलं लवकर भरतात. नावनोंदणी झाली की लगेच खोली बघायची. रद्द केल्यावर पैसे परत मिळतात का, हेही तेव्हाच विचारून घ्या. आजारपणामुळे धावणं रद्द करणं हा नेहमीच शहाणपणाचा पर्याय असतो आणि खोलीच्या पैशांपायी तापात धावण्याची वेळ कुणावर येऊ नये.

पुण्याहून सातारा सुमारे ११० किलोमीटरवर आहे. मुंबईहून अंतर २५० किलोमीटरच्या पुढे जातं. पुणे-मिरज मार्गावरच्या रेल्वेगाड्याही सोयीच्या आहेत, फक्त सातारा स्टेशन शहरात नाही, बाहेर माहुलीजवळ आहे. तिथून रिक्षा किंवा बसचा वेळ धरावा लागतो.

शनिवारी काय करायचं, काय टाळायचं?

शनिवारचं मुख्य काम म्हणजे बिब घेणं. बिब म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, बहुतेक वेळा वेळ मोजणाऱ्या चिपसह. अनेक शर्यतींमध्ये तो आदल्या दिवशीच मिळतो, शर्यतीच्या सकाळी नाही. कोणती ओळखपत्रं लागतात आणि वितरण किती वाजता बंद होतं, हे त्या वर्षीच्या सूचनांत नीट वाचा. रस्त्यात दोन तास गाडी अडकली तरी वेळेत पोहोचता येईल अशा बेताने निघा.

बिब हातात आल्यावर दिवस मोकळा असतो आणि मग अजिंक्यतारा खुणावायला लागतो. किल्ल्यावर गाडीरस्त्याने जाऊन शहर बघून यायला हरकत नाही. पण सज्जनगडच्या पायऱ्या, ठोसेघरचा धबधबा आणि बाजारपेठ असं सगळं शनिवारीच उरकलं, तर रविवारी घाटात पाय आधीच जड झालेले असतील.

रात्रीचं जेवण साधं आणि लवकर. वरण-भात, पोळी-भाजी, दहीभात, म्हणजे पोटाला सवयीचं असेल ते. झणझणीत रस्सा रविवारी दुपारी जास्त गोड लागतो. नवे बूट, नवे मोजे, एक्स्पोमध्ये फुकट मिळालेलं नवं एनर्जी जेल, यातलं काहीही शर्यतीत पहिल्यांदा वापरायचं नाही. पायाची नखं मात्र कापून घ्या. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकतं, बोटं टोकावर आपटतात आणि नखं काळी पडतात. बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट बांधली तर हा त्रास कमी होतो.

घाटात धावायचं कसं?

चढावर घड्याळाकडे बघून धावू नका, श्वासाकडे बघा. शेजाऱ्याशी एखादं वाक्य बोलता येत असेल, तर वेग बरोबर आहे. बोलता येत नसेल तर पावलं लहान करा. तरीही दम लागला तर चाला. घाटात चालण्यात कमीपणा नाही. तीव्र चढावर जोरात चालणारा माणूस फरफटत धावणाऱ्याच्या फारसा मागे राहत नाही, शिवाय त्याचे पाय ताजे राहतात.

उतार लागला की सुटल्यासारखं वाटतं आणि नेमकं तिथेच सावध व्हायचं. लांब ढांगा टाकून टाचेवर आपटण्यापेक्षा लहान आणि झटपट पावलं टाकावीत, शरीर मागे झुकवू नये. सप्टेंबरमध्ये रस्ता ओला असू शकतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, शेवाळलेली कड आणि वळणावरची बारीक खडी, ही तीन घसरण्याची ठिकाणं. सेल्फी घ्यायचाच असेल तर आधी कडेला या, मग थांबा. मागून शेकडो लोक उतारावर येत असतात.

पाणी, थंडी आणि हृदय

‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं. त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम गरजेपेक्षा कमी झालेलं आढळलं. शर्यतीदरम्यान ज्यांचं वजन वाढलं, म्हणजे गमावलं त्यापेक्षा जास्त पाणी जे प्यायले, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होतं. सोडियम फार उतरलं तर मेंदूला सूज येऊन जीवावर बेतू शकतं. म्हणून तहान लागेल तसं, घोट घोट प्यावं. थंड हवेत प्रत्येक स्टॉलवर दोन ग्लास रिचवायची गरज नसते.

थंडीचा विचारही करायला हवा. चीनच्या गान्सू प्रांतात मे २०२१ मध्ये १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत हवामान अचानक बिघडलं. गारा, पाऊस आणि सोसाट्याच्या वाऱ्यात २१ धावपटूंचा मृत्यू झाला. साताऱ्याचा घाट आणि तो दुर्गम डोंगर यांची तुलना होऊ शकत नाही. इथे डांबरी रस्ता आहे, माणसांची वर्दळ आहे. पण भिजलेलं अंग आणि वारा एकत्र आले की शरीर भराभर गार पडतं, हे सगळीकडे खरं आहे. धाव संपल्यावर लगेच अंगावर चढवायला कोरडे कपडे आणि टॉवेल जवळ ठेवा. ओल्या टी-शर्टवर मेडल घालून तासभर फोटो काढत बसू नका.

राहिला हृदयाचा प्रश्न. अमेरिकेतल्या २००० ते २०१० मधल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनचा मोठा अभ्यास २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंपैकी ५९ जणांचं हृदय शर्यतीत किंवा शर्यत संपल्यावर लगेच बंद पडलं. त्यातले ४२ जण दगावले. हाफ मॅरेथॉनमध्ये हा धोका पूर्ण मॅरेथॉनपेक्षा कमी होता, आणि ५९ पैकी ५१ जण पुरुष होते. धोका फार लहान आहे, पण तो खरा आहे. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, स्वतःला रक्तदाब किंवा मधुमेह असेल, धावताना कधी छातीत दुखलं किंवा चक्कर आली असेल, तर नावनोंदणीच्या आधी डॉक्टरांना भेटा. शर्यतीत छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबा आणि जवळच्या स्वयंसेवकाला सांगा. मेडल पुढच्या वर्षीही मिळतं.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जे वाचले त्यांच्यापैकी अनेकांना शेजारच्या माणसाने लगेच सीपीआर दिला होता, म्हणजे छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवलं होतं. धावणाऱ्या प्रत्येक ग्रुपमधल्या दोघा-तिघांनी तरी हे शिकून घ्यायला हवं.

धावून झालं, आता फिरायचं कुठे?

उत्तर मार्गावरच आहे. कासच्या पठारावर चालणं बरंचसं सपाट आहे, त्यामुळे थकलेल्या पायांना ते झेपतं. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात कास आहे. जांभ्या दगडावरच्या मातीच्या पातळ थरात इथे तेरडा, गेंद, सीतेची आसवं, सोनकी अशी रानफुलं येतात. हा थर इतका नाजूक आहे की एका फोटोसाठी ताटव्यात टाकलेलं पाऊलही पुढच्या वर्षीची फुलं घेऊन जातं.

दोन गोष्टी आधीच पाहून ठेवा. हंगामात पठारावर रोज किती लोकांना सोडायचं यावर मर्यादा असते, म्हणून ऑनलाइन बुकिंग लवकर करा आणि दुपारची वेळ निवडा. दुसरं, बहर पाऊस आणि उन्हावर ठरतो. शर्यतीच्या तारखेला गालिचे फुललेले असतीलच असं नाही. नसले तरी धुकं आणि कास तलाव असतोच.

ठोसेघर आणि सज्जनगडला पायऱ्या चुकत नाहीत. धावल्यानंतर चढताना जमतं, उतरताना मांड्या थरथरतात. ही ठिकाणं सोमवारी रजा असेल तरच आणि तीही हळूहळू. बरोबर आलेल्या न धावणाऱ्या मंडळींना मात्र रविवारी सकाळी हॉटेलात बसवून ठेवू नका. टाळ्या वाजवायला रस्त्यावर उभं राहणं हा सातारकरांसोबतचा छान कार्यक्रम आहे. कंदी पेढ्यांची खरेदीही त्यांच्याकडेच सोपवा.

परतीचा प्रवास हलक्यात घेऊ नका

बहुतेक बेतांत सगळ्यात कच्चा दुवा हाच असतो. पहाटे चारला उठलेला, दोन-तीन तास घाट धावलेला, दुपारी भरपेट जेवलेला माणूस संध्याकाळी रविवारच्या गर्दीत गाडी चालवायला बसतो. पुढे खंबाटकी घाट असतो आणि पुण्याजवळची कोंडी असते. गाडी चालवताना आलेली डुलकी घाटातल्या कुठल्याही चढापेक्षा धोकादायक आहे. न धावलेल्या माणसाच्या हातात स्टिअरिंग द्या, रेल्वे किंवा एसटीने या, नाहीतर सोमवारची रजा टाका. यातलं काहीच जमत नसेल, तर फिरणं कमी करा, दुपारी दोन तास झोपा आणि मग निघा.

प्रत्येक निसर्गरम्य शर्यत वीकेंडची असते का?

नाही. लडाख मॅरेथॉन लेहला होते आणि लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तिथे विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला काही दिवस द्यावेच लागतात. शनिवारी विमानाने उतरून रविवारी धावणं जीवघेणं ठरू शकतं. साताऱ्याची उंची हा त्रास देत नाही. म्हणूनच चढ असूनही ही शर्यत दोन दिवसांच्या बेतात बसते.

कुठलीही नवी शर्यत निवडताना चार प्रश्न विचारा. उंची किती? चढ-उतार किती? त्या महिन्यात हवा कशी असते? आणि धावल्यावर घरी कोण घेऊन येणार? चारही उत्तरं मिळाली की मगच फोटो बघा आणि बॅग भरा.